धाकटीचं नेट

आमच्या घरात धाकटीशी बोलण्यापुरत्या चार खुणा सगळ्यांना येतात. जेवण, चहा, इस्त्री आणि नेट. पहिल्या तीन आई होती तेव्हाच्या. चौथी आई गेल्यावर घरानं स्वतःच्या अकलेनं शोधून काढली. मूठ वर धरायची आणि बोटं फाकवून उघडायची. अर्थ असा की तुझ्या फोनचं हॉटस्पॉट बंद पडलंय, चालू कर. धाकटीला जन्मापासून ऐकू येत नाही. ती याच घरात लहानाची मोठी झाली, हातांनी बोलत झाली, आणि तिच्याशी बोलायचा एवढाच एक शब्द या लोकांनी आपणहून कमावला. हे सांगितलं की लोक हसतात. मला कधी हसू आलेलं नाही.

धाकटीला फोनवर बोलायचं तर समोरच्याचे हात दिसावे लागतात. म्हणजे व्हिडिओ आलाच. म्हणून ती सगळ्यात मोठा पॅक मारते, स्वतःच्या पगारातून. "तुझं उरतंच की," म्हणत आधी दादानं पासवर्ड घेतला, मग वहिनीनं, मग काकांनी. शेवटी बाबांनी घरातली केबलची लाइनच काढून टाकली. हिच्या फोनवर सगळं चालतंय तर दोन-दोन नेट कशाला, हा त्यांचा हिशेब. तेव्हापासून धाकटीला कामावरून यायला उशीर झाला की घर तिची वाट बघायला लागलं. दादा तर खिडकीत जाऊन उभा राहायचा. समोरच्या बाईंना याचं केवढं कौतुक. "मुकी असली तरी घरच्यांचा किती जीव आहे हो तिच्यावर," असं त्या मलाच सांगायच्या.

मी तिची मोठी बहीण. कामाच्या गावी खोली घेऊन राहते, सुटीला घरी येते. आमची तीन जणांची टोळी आहे. लहान-मोठ्या मैदानांवरचे फुटबॉलचे सामने आम्ही थेट दाखवतो. मैदानावर कसली आलीय केबल? आम्ही वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं घातलेले पाच-सहा फोन एका ट्रेमध्ये ठेवतो, सगळ्यांच्या वायरी एका हबमध्ये खुपसतो आणि हब लॅपटॉपला जोडतो. लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर चित्राचे तुकडे करतं, एक तुकडा या फोनमधून, दुसरा त्या फोनमधून पाठवतं आणि पलीकडे ते पुन्हा जोडतं. एका कंपनीची रेंज गेली तर बाकीचे फोन ओझं उचलतात. पडद्यावर प्रत्येक फोनची एक पट्टी असते. एक पट्टी खाली येते तेव्हा दुसरी वर जाते. बघायला बरं वाटतं. निदान यंत्रं तरी एकमेकांना धरून असतात.

धाकटी दातांच्या लॅबमध्ये आहे. डॉक्टर माप पाठवतात, ही कॅप बनवते. पांढरी पूड, पाणी आणि ब्रश. थरावर थर चढवत ती असा दात बनवते की त्याच्या शेजारच्या खऱ्या दातालाही फरक कळू नये. तिची सध्याची लॅब म्हणजे जिन्याखालची खोली. मालक तिची कामं स्वतःच्या नावावर खपवतो. दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या लॅबला सिरॅमिकच्या टेबलावर मुख्य कारागीर हवा होता. धाकटीनं कुणाला न सांगता स्वतःच्या कामाचे फोटो पाठवले. दोन फेऱ्या पार पडल्या. शेवटची फेरी व्हिडिओवर होती. लॅबच्या मॅडम बघणार, त्यांचा दुभाषी मध्ये बसणार, आणि हिनं कॅमेऱ्यासमोर दाताचा थर चढवून दाखवायचा, हातांनी समजावत समजावत.

"छटा नीट दिसली पाहिजे," धाकटीनं मला सांगितलं. "आणि माझे हात. हात तुटक दिसले तर त्यांना वाटेल मला बोलता येत नाही."

हे सांगताना तिचे स्वतःचे हात थरथरत होते. मी तिला कॅपची चिमुकली कड घासताना पाहिलंय, तेव्हाही तिचा हात हलत नाही. ही नोकरी तिला किती हवी आहे, हे मला त्या थरथरीतून कळलं. इथून सुटायची तिच्याकडे दुसरी वाट नव्हती.

मॅडमनी ऐन वेळी मुलाखत रविवारी दुपारी ठेवली. आमची गाडी आणि कामाचे फोन दुसऱ्या मैदानावर गेलेले. धाकटीच्या लॅबमध्ये जायची सोय नाही, मालकाला वास लागला असता. घरी एका फोनच्या रेंजचा भरवसा नाही, भिंतीच तशा आहेत. मी म्हटलं, घरात फोन काय कमी आहेत? आपणच ट्रे लावू. हब माझ्या बॅगेत असतोच.

जेवणं झाल्यावर मी सगळ्यांना समोर बसवून समजावलं. तासाभरासाठी प्रत्येकानं आपला फोन द्यायचा, धाकटीचं काम झालं की परत. त्यावर मोठा सोहळाच झाला.

"आपल्या पोरीसाठी एवढं नाही करायचं तर कुणासाठी करायचं?" असं म्हणून काकांनी दोन्ही हातांनी फोन ट्रेमध्ये ठेवला. बाबांनी आपला सदऱ्याला पुसून ठेवला. वहिनीनं फोन दिला, पण वरचं कव्हर काढून घेतलं, कारण कव्हर नवं होतं. दादानं कपाटातून काच तडकलेला जुना फोन आणला.

"मी हल्ली हाच वापरतो," तो म्हणाला.

त्याच्या खिशात नवा फोन चांगला फुगलेला दिसत होता. मी तडकलेल्या फोनमध्ये सिम आहे ना एवढंच पाहिलं. होतं. मग दादानंच तो नवा फोन बाहेर काढला, ट्रेचा फोटो घेतला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'धाकटीच्या पाठीशी सगळं घर.' काकांनी त्याच्या खांद्यावरून ते मला वाचून दाखवलं. आमच्या मावसबहिणीचं लगेच उत्तर आलं, डोळ्यात पाणी आलं म्हणून.

धाकटी हे सगळं बघत होती. तिनं प्रत्येकासमोर जाऊन हात छातीला लावला, वाकली. आभार मानायची तिची रीत. काकांनी तिच्या डोक्यावर थोपटलं. कुत्र्याला थोपटतात तसं.

मी माझा आणि धाकटीचा फोनही ट्रेमध्ये ठेवला. सहा फोन, सहा वायरी. सॉफ्टवेअर चालू केलं तर सहाही पट्ट्या हिरव्या झाल्या. मी आमच्या टोळीतल्या एकाला व्हिडिओ लावून पाहिलं. "झकास," तो म्हणाला, "शर्टाची शिवण दिसतेय." तेव्हा वहिनी भांडी आवरत होती, दादा बाहेर उभा होता आणि काका डुलक्या घेत होते. म्हणजे नेट कुणीच वापरत नव्हतं. पण हे मला नंतर सुचलं.

वेळ झाली. धाकटी टेबलाशी बसली. समोर काचेच्या तुकड्यावर पूड कालवलेली, ब्रश, टिपकागद, छटांची पट्टी आणि प्लास्टरच्या जबड्यात एक रिकामी जागा. मी कॅमेऱ्याच्या बाहेर, लॅपटॉपच्या बाजूला. मॅडम पडद्यावर आल्या, करड्या केसांच्या, कपाळावर चष्मा ढकललेल्या. शेजारी दुभाषी. त्यानं हात हलवून नमस्कार केला आणि धाकटीचा चेहरा असा उजळला, की या घरात मी तो तसा कधी पाहिला नव्हता. तिच्या भाषेत बोलणारा, न चुकता बोलणारा माणूस तिला जिथं नोकरी हवी होती त्या जागी बसला होता.

पहिली काही मिनिटं उत्तम गेली. ती सांगत होती की दात पांढरा नसतो, मुळाशी पिवळट असतो, टोकाला काचेसारखा, म्हणून ती आधी आतला थर चढवते आणि मग त्यावर झिरझिरीत थर. मॅडम पुढे झुकून बघत होत्या. तिनं ब्रशनं पहिला थर ठेवला, जबड्याला हलकेच टिचकी मारली, वर आलेलं पाणी टिपकागदानं टिपलं.

आणि चित्र अडखळलं.

सगळ्या सहा पट्ट्या एकदम खाली आल्या. पुन्हा वर. पुन्हा एकदम खाली. मी हबच्या वायरी दाबून पाहिल्या. मैदानावर इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. तिथं एक पडतं तेव्हा दुसरं उठतं. इथं सहाच्या सहा एकाच वेळी माना टाकत होते, एकाच वेळी उचलत होते. वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं, आणि सगळ्यांना एकदमच खोकला? माझ्या डोक्यात काहीतरी खटकलं, पण तेवढ्यात दुभाषी म्हणाला, "मॅडम म्हणतायत, हात दिसत नाहीयेत. नुसते डाग दिसतायत."

धाकटीनं माझ्याकडे पाहिलं. मी हातानं थांब म्हटलं. तिनं ब्रश धरून ठेवला. पूड ओली असेपर्यंतच हाताचं ऐकते, वाळली की भुगा होतो. तिची नजर थरावर आणि माझी पट्ट्यांवर. आतल्या खोलीतून दादाच्या नव्या फोनवर सामन्याचा गलका ऐकू येत होता. धाकटीमुळे या घरात आवाज कमी करायची सवय कुणालाच लागलेली नाही. हिला कुठं ऐकू येतंय?

दार उघडलं आणि वहिनी उंबऱ्यात आली. हातात टॅब. कॅमेरा चालू आहे, पडद्यावर दोन परकी माणसं बसली आहेत, धाकटीच्या हातात ओला ब्रश आहे, हे सगळं तिला दिसत होतं. तिनं मूठ वर धरली आणि बोटं फाकवून उघडली.

नेट.

मी वहिनीच्या त्या हाताकडे बघत राहिले. आणि मग ट्रेकडे. धाकटीचा सोडून पाचही फोनांच्या डोक्यावर वायफायची तीच ती खूण. माझ्यासकट. मी घरात पाऊल टाकलं की माझाही फोन सवयीनं धाकटीच्या हॉटस्पॉटला चिकटतो. मैदानावरच्या फोनांत कुणाचं वायफाय साठवलेलंच नसतं, म्हणून हे तपासायची मला सवय नाही. इथं बाबांचा फोन धाकटीकडून नेट घेत होता आणि वायरीतून तेच तिला देत होता. काकांचाही. वहिनीचाही. दादाचे तर दोन्ही, एक देणारा आणि एक सामना बघणारा. सहा नळ आणि पाण्याची टाकी एकच, तीही जिला प्यायला मिळत नव्हतं तिची.

 मी आवाज शक्य तितका खाली ठेवून सगळ्यांना बोलावलं. आले. कॅमेऱ्याच्या बाहेर भिंतीला लागून उभे राहिले.

"आपापल्या फोनचं वायफाय बंद करा आणि स्वतःचं नेट चालू करा. लवकर."

"स्वतःचं म्हणजे?" काकांनी विचारलं.

ते वेड पांघरत नव्हते, हीच तर चीड आणणारी गोष्ट होती. त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता. मी त्यांना सांगितलं, तुमच्या सिमचं, तुम्ही मारता त्या पॅकचं.

"माझ्यात नुसते कॉलच आहेत गं," काका म्हणाले. "नेट कशाला मारू? घरात आहे की."

"माझा पॅक कधीच संपलाय," दादा म्हणाला.

"मी तर नेट वापरतच नाही," बाबा म्हणाले. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत ज्यांच्या उशाशी व्हिडिओ बोलत असतो, ते माझे बाबा.

वहिनी टॅब पदराआड धरून उभी राहिली.

"मग मघाशी काय दिलंत तुम्ही?" मी विचारलं.

"फोन दिले ना," काका म्हणाले. त्यांचा सूर दुखावलेला होता. "तू फोन मागितलेस, आम्ही फोन दिले."

मला किळस आली. राग नव्हे, रागाला समोर कुणीतरी माणूस लागतो. यांच्यातल्या एकानं जरी ठरवून तिचा पाय ओढला असता, नको जाऊस म्हणून हटून बसला असता, तर मी त्याच्याशी भांडले असते आणि वर थोडा मानही दिला असता. इथं कुणाच्याच मनात काही नव्हतं. धाकटी जाते की राहते, जिंकते की हरते, याच्याशी त्यांना घेणं ना देणं. बसल्या जागी घ्यायची इतकी सवय लागली होती की आपण घेतोय हेसुद्धा त्यांना दिसेनासं झालं होतं. आणि त्या रिकाम्या फोनांचा फोटो अजून ग्रुपवर शाबासकी गोळा करत होता.

धाकटीनं टेबलावर बोटानं टकटक केली. काय चाललंय, ती विचारत होती.

आमच्यात लहानपणापासून ठरलेलं आहे. कोण काय म्हणालं ते मी तिला जसंच्या तसं सांगायचं. गाळायचं नाही, पदरचं घालायचं नाही. तिला गोड करून सांगितलेलं आवडत नाही. मी सांगितलं, सगळे फोन तुझ्याच फोनला लटकलेत. यांच्याकडे स्वतःचं काहीच नाही.

तिनं भिंतीला लागून उभ्या असलेल्या चौघांकडे पाहिलं. ब्रश पाण्यात उभा ठेवला, बोटं फडक्याला पुसली, ट्रेमधून आपला फोन उचलला. पडद्यावर लिहून आलं होतं, 'जोडलेले फोन : ७'. तिनं हॉटस्पॉटचं बटण बंद केलं. फोन परत ट्रेमध्ये ठेवला. मी बाकीच्यांच्या वायरी उपटल्या आणि माझ्या फोनवर माझं सिम चालू केलं. दोनच पट्ट्या उरल्या, तिची आणि माझी. त्या हळूहळू वर आल्या आणि वर राहिल्या.

"हां, आता दिसतंय," दुभाषी म्हणाला.

चौघं परत आत गेले आणि आतून दादाचा आवाज आला, "अरे गेलं. ऐन पेनल्टीला." मग पाय आपटल्याचा. मग वहिनीचा, "तरी मी तिला सांगत होते." धाकटीला यातलं काही ऐकू गेलं नाही, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा तिचं नशीब वाटलं.

थर वाळून कडेनं भुगा झाला होता. धाकटीनं तो खरवडून काढला आणि मॅडमना हातांनी म्हणाली, "वाळलेल्या थरावर मी नवा चढवत नाही. पुन्हा करते." मॅडम दुभाष्याकडे न बघता हसल्या. मग धाकटीनं दात बनवला. मी पट्ट्यांकडे बघणार होते, पण तिच्या हातांकडेच बघत बसले. तिचा हात आता हलत नव्हता.

मुलाखत संपली, तिनं ब्रश धुतले, टेबल पुसलं आणि फोन उचलून हॉटस्पॉट पुन्हा चालू केलं. मी तिचं मनगट धरलं.

"वेड लागलंय का तुला?"

"निकाल लागेपर्यंत मला इथंच राहायचंय," ती म्हणाली. "शांतता हवीय. आणि घरातलेच आहेत."

आतल्या खोलीत लगेच सगळ्यांची टकळी सुरू झाली. फोनांची आणि माणसांची. मुलाखत कशी झाली हे विचारायला कुणी बाहेर आलं नाही. दादा आला, तो त्याचा तडकलेला फोन घ्यायला.

"दोन मिनिटं थांबता आलं नसतं का तिला?" तो म्हणाला. "पेनल्टी होती."

निकाल आला तेव्हाही मी घरीच होते. धाकटी नाश्त्याच्या भांड्यांशी उभी होती, ओल्या हातानंच तिनं फोन माझ्यापुढे धरला. निवड झाली होती. राहायची सोय लॅबच करणार होती, लवकरात लवकर या असं लिहिलं होतं. मी तिला मिठी मारली. तिनं माझ्या पाठीवर ओले हात उमटवले. मग मी बाहेरच्या खोलीत जाऊन सांगितलं.

"चांगलं झालं," बाबा म्हणाले.

सगळे गप्प झाले. पोरगी दूर जाणार म्हणून गप्प झाले असतील, असं क्षणभर वाटून गेलं. इतकं सगळं पाहूनही मला तसं वाटलं.

"मग नेटचं?" काका म्हणाले.

दादानं तोवर विचार करून ठेवला होता. "फोन इथंच ठेवून जाऊ दे तिला. नंबर घरातच राहील, पॅक तिनं तिथून मारला की झालं. तिकडे नवीन फोन घेईल ती. पगार वाढणारच आहे."

धाकटी माझ्या मागे उभी होती. दादाचे ओठ हलले आणि सगळे तिच्याकडे वळले, हे तिनं पाहिलं. माझ्या खांद्याला हात लावून तिनं विचारलं, काय म्हणाला?

माझे हात उचलेनात. तिनं पुन्हा विचारलं. मी सांगितलं, शब्दाला शब्द.

ती माझे हात बघत होती. मग तिनं बाबांकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "बाबांना विचार. फोन इथं ठेवला तर मी तिथून तुमच्याशी बोलू कशी?"

मी विचारलं. बाबांनी पेपरची घडी घातली, परत उघडली.

"बोलायचं काय त्यात," दादाच मध्ये बोलला. "तसंही आपण तिला कुठं फोन करणार आहोत? तिला ऐकू तर येत नाही."

"तो म्हणतो त्यात चूक काय आहे?" बाबा पेपरात बघत म्हणाले.

हेही मी तिला सांगितलं. सांगताना मला स्वतःच्या बोटांची शिसारी आली, असली घाण वाहायला लागते म्हणून. धाकटी मग हात पुसून आत गेली आणि भांडी पुरी केली. फोनबद्दल ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. दादाला वाटलं हो म्हणाली.

ती निघाली त्या दुपारी मी तिला सोडायला जाणार होते. टॅक्सी गल्लीत उभी होती. बॅगा ठेवल्या. फोन तिच्या हातात होता, आणि हॉटस्पॉट चालूच. दादानं तो घ्यायला हात पुढे केला. तिनं त्याच्या हातात हात मिळवला, निरोप घेतात तसा, आणि गाडीत बसली. दादा हाताकडे बघत राहिला. चारचौघांत, समोरच्या बाई दारात उभ्या असताना, हिसकावून घेणं काही त्याला जमेना. काका टॅक्सीवाल्याला म्हणाले, "सांभाळून न्या हो, आमच्या घरचा दिवा आहे." समोरच्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला. वहिनी वर गेली होती, टॅबवर मालिकेचा भाग उतरवून घ्यायला, जमेल तेवढा.

गल्ली अरुंद. गाडी माणसाच्या चालीनं निघाली. मी मागे वळून पाहिलं तर बाबा घरातून बाहेर आले होते. एकटेच. पायात चपलाही नव्हत्या. ते गाडीच्या मागून चालायला लागले.

धाकटीनंही वळून पाहिलं. ती सीटवर गुडघ्यांवर उठली आणि मागच्या काचेला तिनं हात टेकवला. बाबांनी पावलं उचलली. सत्तरीचा माणूस, दुखऱ्या गुडघ्यांचा, दगडांतून अनवाणी.  मी मनातल्या मनात बरंच काही मागे घेतलं. शेवटी बाप आहे, आईमागे याच्या पोटात काय कालवलं असेल ते आपल्याला काय माहीत, असं सगळं. त्यांचे ओठही हलत होते. मी माझ्या बाजूची काच खाली केली.

ऐकू आला तो सामना. बाबांच्या उजव्या हातात फोन होता, छातीशी धरलेला, आणि त्यातला समालोचक जीव तोडून ओरडत होता. शेवटची मिनिटं होती. बाबा गाडीकडे बघतच नव्हते. फोनकडे बघत होते. चित्र थांबलं की पाऊल उचलायचे, चाललं की तेवढंच थांबायचे. आणि पुटपुटत होते, "पास दे. पास दे ना."

मी काच वर केली. 

धाकटीनं माझी बाही ओढली. तिचे डोळे भरले होते. बाबा काय म्हणतायत, तिनं विचारलं.

जन्मभर मी गाळलं नव्हतं, घातलं नव्हतं. मी हात उचलले आणि म्हटलं, "म्हणतायत, पोचलीस की कळव. सुटी मिळाली की ये. घर सुनं झालं."

तिनं माझे हात शेवटपर्यंत वाचले. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग मांडीवरचा फोन उलटा करून माझ्यापुढे धरला.

जोडलेले फोन : १.

तिनं बटणाला बोट लावलं नाही. आम्ही दोघी त्या आकड्याकडे बघत बसलो. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली, वळली, मोठ्या रस्त्याला लागली. एकाचं शून्य झालं. तेव्हा तिनं हॉटस्पॉट बंद केलं आणि डोळे पुसले.

"दुसऱ्यांदा असं करू नकोस," ती मला म्हणाली. "तुझे हात मला खरे लागतात."